बुलढाण्याचा ८५५: जनगणनेच्या एका रकान्याची गोष्ट

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जास्तीचे 'तर' आणि 'म्हणजे' झाले होते ते काढलेत, बाकी बहुतेक जसंच्या तसं.)

आज सुरुवातीलाच एक प्रश्न. तुमचा जन्म मार्च २००४ ते फेब्रुवारी २०११ या काळातला आहे का? आणि तेव्हा तुमचं घर बुलढाणा जिल्ह्यात होतं का? दोन्हीला 'हो' असेल तर आजचा भाग सरळ तुमच्याबद्दलच आहे. माझ्याबद्दलही आहे. मी २००५ चा. फेब्रुवारी २०११ मध्ये कुणीतरी मास्तर नाहीतर मॅडम मोठा फॉर्म घेऊन आपल्या घरी आले होते, आईला किंवा आजीला घरातल्या सगळ्यांची नावं आणि वयं विचारून गेले होते. मला त्यातलं काही आठवत नाही. पण त्या फॉर्ममध्ये आपण मोजले गेलो, आणि आपली बेरीज सरकारी तक्त्यात एका ओळीत येऊन बसली.

ती ओळ अशी आहे. बुलढाणा जिल्हा, वय ० ते ६ वर्षं: मुलगे १,७७,१४५ आणि मुली १,५१,४९२.

आता मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडा. मुलींचा आकडा भागिले मुलांचा आकडा, गुणिले हजार. उत्तर येतं ८५५. हजार मुलांमागे ८५५ मुली. जनगणनेच्या भाषेत याला बाल लिंग गुणोत्तर म्हणतात. एवढं साधं गणित, पण याच्यावरून केंद्र सरकारने २२ जानेवारी २०१५ ला पानिपतमधून 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' सुरू केलं तेव्हा पहिल्या १०० जिल्ह्यांच्या यादीत आपलं नाव आलं. महाराष्ट्रातले त्यात दहा जिल्हे होते. बीड सगळ्यात खाली, ८०७. मग जळगाव ८४२, अहमदनगर ८५२, आणि चौथे आपण. त्यानंतर औरंगाबाद ८५८, वाशिम ८६३, आणि शेवटी जालना ८७०. (जिल्ह्यांची नावं तेव्हा होती तीच वापरतोय.) नकाशा समोर ठेवून बघा: जळगाव, औरंगाबाद, जालना, वाशिम हे चारही आपल्या सीमेला लागून आहेत. म्हणजे हा काही एखाद्या गावाचा किंवा तालुक्याचा डाग नव्हता, पूर्ण पट्टाच होता. त्याच वर्षी, त्याच राज्यात गडचिरोलीचा आकडा होता ९६१.

जिजाऊंच्या जिल्ह्यात हे कसं, असं प्रत्येक भाषणात म्हणतात. सिंदखेडराजा आपल्याकडे आहे, हो. पण ते वाक्य टाळ्या घेतं आणि तिथेच थांबतं. आपण जरा पुढे जाऊ.

पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, सव्वाशे वर्षं मागे. कारण आपला जिल्हा मोजला गेला आणि आकडा बघून लोक दचकले, असं २०११ मध्ये पहिल्यांदा झालेलं नाही.

वऱ्हाडात पहिली शिरगणती झाली १८६७ मध्ये. सगळ्या हिंदुस्थानची एकाच वेळी केलेली पहिली जनगणना १८८१ ची, म्हणजे आपण १४ वर्षं आधी मोजले गेलो. कारण सोपं आहे. वऱ्हाड निजामाचं होतं, १८५३ च्या तहानंतर कारभार इंग्रजांच्या हातात आला, आणि इथे होता कापूस. सारा बसवायचा तर माणसं, घरं, जमीन सगळं माहीत हवं.

१८८१ मध्ये बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या भरली ४,३९,७६३. दहा वर्षांनी, १८९१ मध्ये ४,८१,०२१. वाढ झाली, सगळं ठीक. आणि मग १९०१: ४,२३,६१६.

दहा वर्षांत ५७ हजार माणसं कमी. शंभरातली बारा. आणि लक्षात घ्या, कमी झाली ती ५७ हजार. त्या दहा वर्षांत जी नवी जन्मली असती, जगली असती, ती या वजाबाकीत दिसतच नाहीत. मधल्या काळात दोन दुष्काळ पडले होते, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. दुसरा तर इतका भयंकर की पश्चिम भारतात लोक त्याला नुसतं 'छप्पनचा' म्हणायचे, विक्रम संवत १९५६ वरून. दुष्काळामागून कॉलरा, ताप, हगवण. उपाशी माणूस उपासाने मरण्याआधी रोगानेच मरतो.

आता एक गंमत, आणि डेटा वाचणाऱ्या प्रत्येकाने ही लक्षात ठेवावी. तुम्ही नंतरचं एखादं पुस्तक उघडलंत तर १९०१ च्या बुलढाण्याची लोकसंख्या ६,१३,७५६ दिसेल. मग खरं कोणतं? दोन्ही! ऑगस्ट १९०५ मध्ये वऱ्हाडाच्या जिल्ह्यांची फेररचना झाली, आणि खामगाव आणि जळगाव (आपलं जामोदचं) हे दोन तालुके अकोल्यातून काढून बुलढाण्याला जोडले. जिल्ह्याचं क्षेत्रफळ २,८०९ चौरस मैलांवरून ३,६६२ झालं. मग जुन्या जनगणनेचे आकडे नव्या हद्दीप्रमाणे पुन्हा मांडले. ज्याला हे माहीत नाही तो जुन्या हद्दीतला १९०१ आणि नव्या हद्दीतला १९११ शेजारी-शेजारी ठेवेल आणि म्हणेल, वा, दुष्काळानंतर बुलढाणा काय जोरात वाढला! वाढलं काहीच नाही, फक्त रेघ हलली. आज घाटावरचा आणि घाटाखालचा असं आपण सहज म्हणतो, पण घाटाखालचा पूर्वेकडचा मोठा भाग तेव्हा बुलढाण्याचा नव्हताच.

म्हणून नियम पहिला: दोन वर्षांचे आकडे जोडण्याआधी हद्द तीच आहे का ते बघायचं. गावांचंही तेच. ग्रामपंचायत फुटते, गाव नगरपालिकेत जातं, धरणात पाण्याखाली जातं.

बरं, १९०१ चं आणखी एक सांगतो. आपल्याकडच्या दुष्काळांचा अभ्यास करणाऱ्यांना जवळजवळ सगळीकडे एक गोष्ट सापडते: दुष्काळात बायकांपेक्षा पुरुष जास्त मरतात. शरीराची ठेवण म्हणा, पुरुष कामासाठी वणवण लांब जातात म्हणून म्हणा. उपासमारीत बाईचं शरीर जास्त तग धरतं. १९०१ मध्ये हवामानाने माणसं मारली आणि निवड केली नाही, केलीच तर बायकांना थोडं झुकतं माप दिलं. शंभर वर्षांनी जी निवड झाली ती हवामानाने केली नाही.

आता परत आपल्या रकान्याकडे. २००१ आणि २०११ शेजारी ठेवू. यावेळी हद्दीची भानगड नाही, तेच १३ तालुके.

जिल्ह्याची एकूण लोकसंख्या २२,३२,४८० वरून २५,८६,२५८ झाली. साडेतीन लाख माणसं वाढली. पण ० ते ६ वयाची मुलं? २००१ मध्ये ३,६८,५४३ आणि २०११ मध्ये ३,२८,६३७. चाळीस हजार कमी. माणसं वाढली, लेकरं कमी झाली. यात घाबरण्यासारखं काही नाही, घरं लहान झाली एवढाच अर्थ. आजीला सात-आठ बाळंतपणं, आईला दोन किंवा तीन.

पण ही घट कुणाच्या वाट्याला आली बघा. २००१ मध्ये जिल्ह्याचं बाल लिंग गुणोत्तर ९०८ होतं. त्यावरून हिशोब केला तर मुलगे साधारण १ लाख ९३ हजार, मुली १ लाख ७५ हजार. दहा वर्षांत मुलगे सोळा हजारांनी कमी झाले, मुली चोवीस हजारांनी. मुलग्यांत घट साधारण आठ टक्के, मुलींत साडेतेरा. घर लहान करायचं ठरलं तेव्हा कात्री दोन्हीकडे सारखी नाही चालली.

आणि हे का होतं, याचं एक गणित आहे जे मला कॉलेजमध्ये कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. नाणेफेकीसारखं समजा. चार लेकरं होणाऱ्या घरात एकही मुलगा नसण्याची शक्यता साधारण सोळात एक. दोनच लेकरांवर थांबणाऱ्या घरात ती शक्यता चारात एक. म्हणजे 'एक तरी मुलगा पाहिजेच' हा हट्ट आजीच्या काळातही तेवढाच होता, कदाचित जास्तच. पण तेव्हा तो बहुतेक घरांत आपोआप पुरा व्हायचा. घर दोनवर आलं आणि हट्ट तसाच राहिला. मग चारातल्या त्या एका घराने काय करायचं? त्याच काळात सोनोग्राफीचं यंत्र जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी पोहोचलं.

कायदा नव्हता असं नाही. गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशात सगळ्यात आधी कायदा केला महाराष्ट्राने, १९८८ मध्ये. मग केंद्राचा १९९४ चा, तो लागू झाला १९९६ च्या १ जानेवारीपासून, आणि २००३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. तरी राज्याचा आकडा बघा: १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. कायदा जुना होत गेला, आकडा खाली येत गेला.

शिक्षण कमी म्हणून असं होतं, हेही एक ठरलेलं उत्तर आहे. आपल्या जिल्ह्याची साक्षरता २००१ मध्ये जवळपास ७६ टक्के होती, २०११ मध्ये ८३ च्या वर गेली. त्याच दहा वर्षांत ९०८ चे ८५५ झाले. सोनोग्राफीला पैसे लागतात, गाडी लागते, ओळख लागते. हे काम सगळ्यात गरीब माणसाला परवडणारं नव्हतंच.

आता हरवलेल्या मुली किती, ते मोजू. माणसांत निसर्गतः मुलगे थोडे जास्त जन्मतात, १०० मुलींमागे साधारण १०५. म्हणजे हजार मुलांमागे ९५० च्या आसपास मुली असायला हव्यात. आपल्याकडे मुलगे १,७७,१४५. त्याच्या ९५ टक्के म्हणजे १ लाख ६८ हजार. प्रत्यक्षात मुली १,५१,४९२. फरक जवळजवळ १६ हजार ८००. अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये जगभरातल्या दहा कोटींहून जास्त 'हरवलेल्या' बायकांबद्दल लिहिलं होतं, त्याच पद्धतीचा हा हिशोब, फक्त एका जिल्ह्याचा आणि सात वर्षांच्या मुलांचा. आपल्या वयाच्या सतरा हजार मुली. तुमच्या वर्गात पटावर वीस मुली होत्या ना, तिथे बावीस असायला हव्या होत्या. इतकी छोटी वाटते ही गोष्ट वर्गात बसून. म्हणून कुणाला दिसली नाही. दिसायला तक्ताच लागतो.

थांबा, लगेच शेअर करू नका. या आकड्यावर शंकाही घ्यायला हव्यात.

पहिली शंका: मुली होत्या, पण घरच्यांनी सांगितल्याच नाहीत, असं तर नाही? असं होतं. जुन्या जनगणनांच्या अहवालांत तर ही तक्रार नेहमीची. याची परीक्षा घ्यायची एक पद्धत आहे. ० ते ६ चे सगळे दहा वर्षांनी १० ते १६ चे होतात. लपलेल्या मुली असतील तर शाळेच्या वयात त्या मोजणीत सापडतील आणि गुणोत्तर वर चढेल. एका जनगणनेचा वयोगट धरून तो पुढच्या जनगणनेत गाठायचा. आमची पिढी २०२१ मध्ये गाठता आली असती. २०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली आणि झालीच नाही. आता संदर्भ तारीख आहे १ मार्च २०२७. त्या दिवशी आम्ही १६ ते २२ वर्षांचे असू. आणि तिथे नवी अडचण: या वयात अर्धे पुण्याला नाहीतर संभाजीनगरला शिकायला, कामाला गेलेले, आणि बऱ्याच मुली लग्न होऊन जालन्यात, जळगावात, अकोल्यात. जनगणना माणूस जिथे राहतो तिथे मोजते, जिथे जन्मला तिथे नाही. म्हणजे २०२७ मध्ये बुलढाण्यातल्या २० वर्षांच्यांचं गुणोत्तर काहीही आलं तरी ते थेट ८५५ ला भिडवता येणार नाही. सहा वर्षांच्या उशिराने आपल्या हातून गेली ती ही परीक्षा. फार कमी लोक याबद्दल बोलतात.

दुसरी शंका: ८५५ म्हणजे सगळं गर्भातच झालं का? नाही. यात जन्माआधीचं आणि जन्मानंतरचं दोन्ही मिसळलेलं आहे. ताप आला तर मुलाला लगेच दवाखान्यात आणि मुलीला 'बघू उद्या', हेही याच रकान्यात जमा होतं. फक्त जन्माचं बघायचं तर 'जन्मावेळचं लिंग गुणोत्तर' हा वेगळा आकडा असतो, तो जन्मनोंदणीतून किंवा आरोग्य खात्याच्या नोंदींतून येतो. बातम्यांत हे दोन आकडे सर्रास एकमेकांत घुसडतात: आधीचा जनगणनेचा, आताचा दवाखान्यांच्या नोंदींचा, आणि हेडिंग 'मुलींचं प्रमाण वाढलं'. वाढलंही असेल. पण आंब्यातून पेरू वजा केल्यावर काय उरतं ते मला माहीत नाही.

आता तो विषय, ज्याच्यासाठी तुम्ही मला मेसेज करता. लग्न.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून थेट कलेक्टर कचेरीवर गेले होते, आठवतं? 'लग्नाला मुलगी मिळत नाही' म्हणून. व्हिडिओवर सगळे हसले. त्यांची एक मागणी मात्र हसण्यासारखी नव्हती: गर्भलिंग चाचणीच्या कायद्याची कडक अंमलबजावणी करा.

पण नीट बघा, आज जे २६ ते ३२ वर्षांचे दादा लोक स्थळं बघून थकलेत, ते ८५५ वाले नाहीत. ते २००१ च्या रकान्यातले आहेत, ९०८ वाले. आमचा नंबर अजून यायचाय. आणि त्यात आणखी एक पेच. आपल्याकडे नवरा तीन-चार, कधी पाच वर्षांनी मोठा. पिढ्या लहान होत चालल्या असतील तर मोठ्या पिढीतली मुलं लहान पिढीतल्या मुलींत बायको शोधतात. टोकाचं उदाहरण घेऊ: २००१ च्या रकान्यातल्या १ लाख ९३ हजार मुलांनी २०११ च्या रकान्यातल्या १ लाख ५१ हजार मुली बघितल्या, तर शंभर मुलांमागे ७८ मुली. एवढं दहा वर्षांचं अंतर कुणी ठेवत नाही, म्हणून खरा आकडा ७८ आणि ९१ च्या मध्ये कुठेतरी. पण दिशा कळली ना? वयातलं अंतर कमी केलं तरी टंचाई थोडी कमी होते, हे मात्र स्थळं बघणाऱ्या मामा-काकांच्या गावीही नसतं.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळं खापर गुणोत्तरावर फोडता येत नाही. मुलीला शेतकरी नवरा नको, नोकरीवाला हवा. सोयाबीन-कापसाच्या भावाचं काय चाललंय ते तिलाही दिसतं. मुली शिकल्या, मुलं मागे पडली, हेही आहे. नोकरीवाल्याला स्थळं येतातच. टंचाई असते तेव्हा ती रांगेतल्या शेवटच्या माणसावर पडते: कोरडवाहू तीन एकर, घाटावरचं गाव, बारावी पास. गुणोत्तर फक्त सांगतं की रांगेत किती जण उरणार. कोण उरणार ते जमीन आणि पगार ठरवतात. आणि उरलेल्यांच्या घरी मग कुठून कुठून, कुणाच्या मध्यस्थीने, किती पैसे मोजून मुलगी 'आणली' जाते, तिची काय अवस्था होते, तो एक वेगळा भाग होईल. टंचाई झाली की मुलींची किंमत वाढते असं म्हणणाऱ्यांनी 'किंमत' हा शब्द जरा ऐकून बघावा.

शेवटी, तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर. जनगणनेच्या वेबसाइटवर २०११ चे तक्ते फुकट आहेत. सर्च करताना एक काळजी घ्या, इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'डी' नंतरचा 'एच' टाकू नका, तिथे आपण 'बुलडाना' आहोत. जिल्ह्याचा कोड ५००. 'प्रायमरी सेन्सस अ‍ॅब्स्ट्रॅक्ट' नावाचा तक्ता डाउनलोड करा, त्यात प्रत्येक गावाची एक ओळ असते: घरं किती, माणसं किती, आणि '०६' असं लिहिलेले तीन रकाने. एकूण, मुलगे, मुली.

आपलं गाव सापडलं की हात शिवशिवतील, लगेच भागाकार करून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावंसं वाटेल. पण गाव छोटं असेल तर जरा दमानं घ्या. समजा ६० लेकरं आहेत, ३१ मुलगे आणि २९ मुली. गुणोत्तर ९३५, सगळे खूश. त्यात दोन घरांत मुलीच्या जागी मुलगा झाला असता, अगदी नैसर्गिक, तर ३३ आणि २७. गुणोत्तर ८१८, आणि गाव बदनाम! साठ लेकरांवरून गावाला दोष देता येत नाही. सव्वातीन लाखांवरून देता येतो, तिथे योगायोग उरत नाही. म्हणून तालुका घ्या, निदान वीस-पंचवीस गावं एकत्र करून बघा.

माझ्या गावाचा आकडा मी काढला आहे. सांगणार नाही, गाव छोटं आहे. पण तालुक्याची सगळी गावं जोडून बसलो एका रात्री, एक्सेलमध्ये, आणि साडेबाराला आईने विचारलं की इतक्या रात्री काय मोजतोय. मी म्हटलं, माझ्या वर्गातल्या मुली. ती काही बोलली नाही. पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

पुढच्या भागात जनगणनेचंच दुसरं टोक, १९३१: जात शेवटची मोजली गेली ते वर्ष, आणि २०२७ मध्ये ती पुन्हा मोजली जाणार आहे. तोपर्यंत कुणी तालुक्याचा हिशोब केलाच तर पाठवा. भागाकार सोबत पाठवा, नुसता स्क्रीनशॉट नको.